राउटरचं फर्मवेअर बदलताना सेटिंगचं काय?

अपडेट झालं, तरी राउटर परक्याच्या ताब्यात

लॅटव्हियाच्या रीगा शहरातली मिक्रोटिक ही कंपनी राउटर आणि बिनतारी रेडिओ बनवते. छोटे इंटरनेट पुरवठादार ते जगभर वापरतात, आपल्याकडचेही. एप्रिल २०१८ मध्ये या राउटरमध्ये मोठं भगदाड सापडलं. हे राउटर हाताळण्यासाठी विनबॉक्स नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याच्याच दारातून, पासवर्ड न देता, राउटरमधल्या फाइली बाहेर काढता येत होत्या आणि त्यात वापरकर्त्यांची नावं आणि पासवर्ड ठेवलेली फाइलही होती. कंपनीनं दुरुस्त केलेलं फर्मवेअर त्याच महिन्यात दिलं. तरीही पुढच्या काही महिन्यांत आधी ब्राझीलमधले आणि मग इतर देशांतले लाखाहून जास्त राउटर परक्यांच्या हाती गेले. त्या राउटरांमागे बसलेल्या लोकांच्या ब्राउझरमधून गुपचूप आभासी चलनाचं खाणकाम करून घेतलं जात होतं.

गोष्ट तिथं संपली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियातल्या यांडेक्स या इंटरनेट कंपनीवर मेरिस नावाच्या बॉटनेटचा, म्हणजे बाधित उपकरणांच्या टोळीचा, हल्ला झाला. सेकंदाला दोन कोटींहून जास्त विनंत्या आदळत होत्या. त्यामागे पुन्हा मिक्रोटिकचे राउटर निघाले. कंपनीनं खुलासा केला की हे २०१८ मध्ये बाधित झालेलेच राउटर आहेत आणि फक्त फर्मवेअर बदलून ते सुरक्षित होत नाहीत.

कारण सरळ आहे. नवं फर्मवेअर भगदाड बुजवतं, पण चोरीला गेलेला पासवर्ड तोच राहतो. हल्लेखोरानं आत लावून ठेवलेली वेळापत्रकाची स्क्रिप्ट, उघडून ठेवलेला प्रॉक्सी, बदललेला डीएनएस हे सगळं कॉन्फिगरेशनमध्ये असतं आणि अपडेट करताना कॉन्फिगरेशन जपूनच ठेवलं जातं. म्हणजे घर नव्यानं बांधलं, पण किल्ली चोराकडेच राहिली.

म्हणून जुना राउटर अपडेट केल्यावर त्याची सेटिंग एकदा ओळीनं वाचून काढायला हवी. आपण न बनवलेला वापरकर्ता, ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम, अनोळखी डीएनएस सर्व्हर, बाहेरून प्रवेश देणारा उघडा मार्ग यांतलं काहीही दिसलं तर सगळं पुसून, पासवर्ड बदलून, नव्यानं मांडणी करावी. अशा राउटरची जुनी सेटिंग परत भरणं म्हणजे तोच रोग पुन्हा ओढवून घेणं.

डब्याच्या आत काय असतं

राउटरमध्ये हार्ड डिस्क नसते, फ्लॅश मेमरीची छोटीशी चिप असते. तिचे कप्पे पाडलेले असतात. पहिल्या कप्प्यात बूटलोडर असतो. वीज आली की सर्वांत आधी तो जागा होतो आणि पुढचं फर्मवेअर उठवतो. दुसऱ्या, मोठ्या कप्प्यात फर्मवेअर असतं, बहुतेक वेळा दाबून बसवलेलं आणि फक्त वाचता येणारं. तिसरा कप्पा आपल्या सेटिंगचा. आपण बदललेली प्रत्येक गोष्ट इथं लिहिली जाते. राउटर रिसेट करतो तेव्हा पुसला जातो तो हाच कप्पा, फर्मवेअर जागच्या जागी राहतं.

आणखी एक कप्पा असतो, ज्याची आठवण बहुतेकांना फार उशिरा होते. कारखान्यात प्रत्येक रेडिओची स्वतंत्र मोजणी होते आणि त्या अंशशोधनाचे आकडे या कप्प्यात लिहिले जातात. त्याच ठिकाणी किंवा जवळपास त्या राउटरचा मॅक पत्ताही असतो. हे आकडे त्याच एका डब्याचे असतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या राउटरचेसुद्धा तंतोतंत जुळत नाहीत. हा कप्पा चुकून पुसला गेला तर राउटर सुरू होईल, तारेवर चालेलही, पण वायफाय नीट कधीच चालणार नाही. बाहेरचं फर्मवेअर घालून पाहण्याचा उत्साह असलेल्यांनी पहिल्या दिवशी या कप्प्याची प्रत काढून संगणकावर ठेवावी. ही फाइल काही किलोबाइटची असते आणि ती बाजारात विकत मिळत नाही.

सेटिंग वाचता यायला लागली ती कशी

लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२ च्या डिसेंबरात बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे २००३ मध्ये उघड झालं. लिनक्सचा परवाना सांगतो की त्यावर बांधलेलं सॉफ्टवेअर वाटलं तर त्याचा मूळ कोडही द्यावा लागतो. लिंक्सिस तोवर सिस्कोनं विकत घेतली होती. मागणी वाढत गेली आणि त्याच वर्षी कोड खुला झाला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज तो शेकडो मॉडेलांवर चालतो.

माझ्या दृष्टीनं या प्रकल्पाची सर्वांत मोलाची देणगी फर्मवेअर ही नाही, सेटिंग साध्या मजकुरात ठेवण्याची शिस्त ही आहे. नेटवर्क, वायरलेस, डीएचसीपी, फायरवॉल अशा नावांच्या वेगवेगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये असतात. वायरलेसची फाइल उघडली की रेडिओ कोणता, चॅनल कोणता, देश कोणता, नेटवर्कचं नाव काय, हे ओळीओळीनं वाचता येतं. कालची फाइल आणि आजची फाइल शेजारी ठेवून काय बदललं हे कोणीही दाखवू शकतं. बिघाड शोधताना याच्यासारखी मदत नाही.

बॅकअप: पेटी हवी की वही?

दुकानात मिळणाऱ्या बहुतेक घरगुती राउटरमध्ये बॅकअपचं बटण असतं आणि ते दाबलं की एक बंद फाइल मिळते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर काही कळत नाही. ती त्याच मॉडेलवर आणि अनेकदा त्याच पिढीच्या फर्मवेअरवरच परत चढते. राउटर जळाला आणि दुसऱ्या कंपनीचा आणला, तर या पेटीचा काही उपयोग नाही.

मिक्रोटिकमध्ये दोन्ही मार्ग आहेत आणि त्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. एका आज्ञेनं बंद बॅकअप मिळतो. तो त्याच राउटरवर परत टाकण्यासाठी आहे. दुसऱ्या राउटरवर टाकला तर आधीच्याचे मॅक पत्तेही तिकडे जातात, आणि दोन्ही एकाच जाळ्यात असले की गोंधळ माजतो. दुसरी आज्ञा आहे एक्स्पोर्टची. ती सगळी सेटिंग वाचता येणाऱ्या मजकुरात देते, त्याच आज्ञा नव्या राउटरवर थोड्या फेरफारानं चालवता येतात. मात्र त्यात वापरकर्त्यांचे पासवर्ड आणि प्रमाणपत्रं येत नाहीत. मिक्रोटिकच्या राउटर-ओएस या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीपासून तर वायफायच्या चाव्यांसारखी गुप्त माहितीही, मुद्दाम मागितल्याशिवाय, वगळली जाते. म्हणून दोन्ही घ्यावेत: पेटी तातडीसाठी, मजकूर कायमसाठी.

ओपनडब्ल्यूआरटीचा बॅकअप म्हणजे त्याच मजकुराच्या फाइलींचं गाठोडं. इथं एक गोष्ट लोक विसरतात. आपण वरून बसवलेली पॅकेजं त्यात नसतात, फक्त त्यांची सेटिंग असते. साध्या पद्धतीनं नवं फर्मवेअर घातलं की ती पॅकेजं गायब होतात. त्यामुळे बसवलेल्या पॅकेजांची यादी वेगळी लिहून ठेवायची. स्वतः लिहिलेली एखादी स्क्रिप्ट नेहमीच्या फोल्डरबाहेर असेल, तर जपायच्या फाइलींच्या यादीत तिचं नाव आपल्यालाच घालावं लागतं.

आणि ज्यांच्याकडे साधा घरगुती राउटर आहे त्यांनी कागद-पेन घ्यावं. इंटरनेट पुरवठादाराचं पीपीपीओई नाव आणि पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा असेल तर तो, वायफायची नावं, प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला दिलेले ठरावीक पत्ते, उघडलेली पोर्ट. एवढं एका पानात मावतं. यातला पीपीपीओईचा पासवर्ड सर्वांत आधी लिहावा, कारण बहुतेक राउटर तो पडद्यावर ठिपक्यांनी झाकतात आणि नंतर तो मिळवायचा तर नेटवाल्याला फोन लावण्याखेरीज मार्ग उरत नाही. शनिवारी रात्री तो फोन उचलेलच असं नाही.

बॅकअपची फाइल ही किल्ल्यांचा जुडगाच असते. वायफायचा पासवर्ड तिच्यात बहुधा उघड्या अक्षरांत असतो. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकू नये, नेटवाल्याच्या मुलालाही सहज पाठवू नये.

नाव तेच, राउटर वेगळा

टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा राउटर आपल्याकडे असंख्य घरांत दिसतो. या एकाच नावाखाली दहाहून जास्त हार्डवेअर आवृत्त्या निघाल्या. आठव्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप आहे, तेराव्यात मीडियाटेकची. बाहेरून पांढरा डबा आणि दोन अँटेना सारख्याच. एकाचं फर्मवेअर दुसऱ्यात घातलं तर चांगलं फर्मवेअर ते नाकारतं, आणि न नाकारल्यास राउटर डेड होतो. त्यामुळे संकेतस्थळावर जाण्याआधी राउटर उलटा करून खालच्या चिठ्ठीवरची आवृत्ती वाचायची. काही कंपन्या प्रदेशानुसारही फाइली वेगळ्या ठेवतात, तेही पाहायचं.

ओपनडब्ल्यूआरटीकडे एकाच राउटरच्या दोन प्रकारच्या फाइली मिळतात. कंपनीचं मूळ फर्मवेअर असताना पहिल्यांदा घालायची ती फॅक्टरी फाइल, आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तेव्हा घालायची ती सिसअपग्रेड फाइल. फाइल उतरवल्यावर तिचा शा-२५६ हा ठसा संकेतस्थळावरच्या ठशाशी जुळवून पाहायचा. अर्धवट उतरलेली फाइल इथंच पकडली जाते, आणि हे काम एका मिनिटाचं आहे.

प्रत्यक्ष बदलताना

सिसअपग्रेड चालतं तेव्हा आत काय घडतं हे माहीत असलं की घाई आपोआप कमी होते. आधी सेटिंगच्या फाइलींचं गाठोडं बांधून ते रॅममध्ये ठेवलं जातं. मग चालू असलेली कामं बंद केली जातात. त्यानंतर फ्लॅशवर नवं फर्मवेअर लिहिलं जातं, त्याच्या पाठोपाठ ते गाठोडं, आणि पहिल्यांदा सुरू होताना राउटर गाठोडं सोडून फाइली जागेवर लावतो. मधल्या काळात तुमची सेटिंग फक्त रॅममध्ये असते. त्या क्षणी वीज गेली तर जुनं फर्मवेअरही गेलं आणि सेटिंगही गेली.

म्हणून बॅकअप संगणकावर उतरवल्याशिवाय सुरुवात करू नये. पावसाळ्यात, वीज ये-जा करत असताना हे काम काढूच नये. काढावंच लागलं तर राउटर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्यावा. संगणक वायफायनं नव्हे, तारेनं जोडावा. दिवे विचित्र लुकलुकायला लागले की अनेकांचा हात प्लगकडे जातो, तो आवरावा. दहा मिनिटं काहीही न करता थांबावं.

एक गोष्ट नवख्यांना हमखास घाबरवते. राउटर परत उठतो, २.४ गिगाहर्ट्झचं नाव दिसतं, पण ५ गिगाहर्ट्झचं दिसत नाही. राडार जिथं चालतात त्या पट्ट्यातलं चॅनल निवडलेलं असेल, तर रेडिओला आधी मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं, आसपास राडार आहे का याची खात्री करावी लागते. काही चॅनलांवर याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात राउटर बंद-चालू केला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सेटिंगमधला देशही याच वेळी तपासावा. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाला. देशाच्या जागी भारत लिहिलेलं असेल तरच राउटर इथले नियम लावतो. जास्त ताकद मिळावी म्हणून दुसऱ्या देशाचं नाव घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो बेकायदेशीर आहेच, शिवाय फायदाही फसवा आहे, कारण फोनची ताकद वाढत नाही आणि संभाषण दोन्हीकडून व्हावं लागतं.

डोंगरावरचा रेडिओ

घरातला राउटर बिघडला तर तो हाताशी असतो. टेकडीवरच्या मनोऱ्याला बांधलेल्या रेडिओचं तसं नाही. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं गावागावांपर्यंत बिनतारी दुवे नेले, आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना छोटे पुरवठादार असेच दुवे चालवतात. तिथं एक चुकीची ओळ म्हणजे चढण, शिडी आणि अर्धा दिवस.

दुव्याचं नाव किंवा चावी बदलायची असेल तर आधी लांबचं टोक बदलायचं, मग जवळचं. उलट केलं तर लांबचा रेडिओ जुन्याच नावाची वाट पाहत बसतो आणि त्याच्यापर्यंत पोचायला रस्ताच उरत नाही. मिक्रोटिकमध्ये सेफ मोड आहे. तो चालू असताना केलेल्या बदलामुळे तुमची जोडणी तुटली, तर बदल आपोआप मागे घेतला जातो. युबिक्विटी कंपनीच्या रेडिओंवर चालणाऱ्या एअर-ओएसमध्ये बदल लागू करण्याआधी चाचणीचं बटण आहे, ओपनडब्ल्यूआरटीच्या वेबपानावरही बदल पक्का झाल्याची खूण वेळेत मिळाली नाही तर जुनी सेटिंग परत येते. ही सोय असताना ती न वापरणं मला अक्षम्य वाटतं.

एअर-ओएसचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मे २०१६ मध्ये या रेडिओंमध्ये स्वतःहून पसरणारा किडा शिरला आणि कित्येक पुरवठादारांचे दुवे बंद पडले. ज्या भगदाडातून तो आत आला त्याची दुरुस्ती जुलै २०१५ मध्येच उपलब्ध होती. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा, या विचाराची किंमत गावोगावच्या ग्राहकांनी मोजली.

जुनी सेटिंग, नवं फर्मवेअर

छोट्या सुधारणेत सेटिंग जपायला हरकत नाही. मोठ्या उडीत मात्र मी ती कधीच जपू देत नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या २१.०२ आवृत्तीत अनेक राउटरांवर तारेच्या पोर्टांची मांडणी करण्याची पद्धतच बदलली. जुन्या नेटवर्क फाइलीतली नावं नव्या पद्धतीत अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे अशा ठिकाणी सिसअपग्रेड सेटिंग जपायला सरळ नकार देत असे. लोकांनी तो नकार जबरदस्तीनं ओलांडला आणि राउटरमध्ये शिरायची वाट बंद करून घेतली. पुढं २२.०३ मध्ये फायरवॉलचं आतलं यंत्र बदललं आणि जुन्या भाषेत हातानं लिहिलेले नियम निकामी झाले. ही गोष्ट जास्त धोकादायक, कारण इंटरनेट चालू राहतं आणि संरक्षण गेलंय हे कळत नाही.

मिक्रोटिकमध्येही ७.१३ या आवृत्तीपासून वायफायचं पॅकेज वेगळं झालं, आणि तिथं जाताना ७.१२ वर थांबा घ्यावा लागतो. नव्या वायफाय ड्रायव्हरवर गेलं की जुनी वायरलेस सेटिंग सोबत येत नाही. ती नव्यानं लिहावी लागते.

अशा वेळी रीत एकच: सेटिंग न जपता कोरं फर्मवेअर घालायचं आणि जुना मजकूर शेजारी उघडून एकेक गोष्ट हातानं भरायची. अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात कधीकाळी उघडलेली आणि आता कोणालाच नको असलेली पोर्टही बंद होतात.

राउटर उठलाच नाही तर

बूटलोडर शाबूत असेल तर आशा आहे. ओपनडब्ल्यूआरटीत सुरू होताना योग्य क्षणी बटण दाबलं की फेलसेफ अवस्था मिळते. तिथं सेटिंगचा कप्पा बाजूला ठेवून राउटर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर भेटतो. चुकीची ओळ दुरुस्त करायला तेवढं पुरतं.

फर्मवेअरच बिघडलं असेल तर टीएफटीपी. हा फाइल पाठवण्याचा अगदी साधा, १९८१ पासूनचा नियम. साधेपणामुळेच तो बूटलोडरच्या छोट्या जागेत मावतो. टीपी-लिंकचे अनेक राउटर रिसेट दाबून चालू केले की १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर ठरावीक नावाची फाइल मागतात, संगणकाला तो पत्ता देऊन ती फाइल तयार ठेवायची. युबिक्विटीचे रेडिओ उलट वागतात. ते १९२.१६८.१.२० वर बसून फाइलीची वाट पाहतात. मिक्रोटिकचं याच कामासाठी स्वतःचं नेटइन्स्टॉल आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी१९००एसीसारख्या मॉडेलांत फर्मवेअरचे दोन कप्पे असतात आणि लागोपाठ सुरुवात फसली की राउटर आपणहून दुसऱ्या कप्प्यावर जातो. ही माहिती राउटर चालू असतानाच वाचून, पुनर्प्राप्तीची फाइल उतरवून ठेवावी. डेड राउटरच्या इंटरनेटवरून ती शोधता येणार नाही.

दुरुस्तीच येईनाशी झाली की

प्रत्येक राउटरचा एक शेवटचा अपडेट असतो. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅमच्या राउटरांना ओपनडब्ल्यूआरटीनं १९.०७ नंतर निरोप दिला, कारण नवं लिनक्स त्यात मावतच नव्हतं. कंपन्यांचे राउटर तर त्याहून लवकर विस्मरणात जातात. २०१७ च्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या ल्यूव्हन विद्यापीठातल्या माथी व्हानहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा-पद्धतीतला क्रॅक हा दोष जाहीर केला, तेव्हा असे असंख्य राउटर आणि फोन दुरुस्तीविनाच राहिले. नवा राउटर घेताना वेगाचा आकडा पाहण्याआधी त्याच्या मागच्या मॉडेलांना शेवटचं फर्मवेअर कधी आलं ते पाहावं.

फाइल कोणाकडे?

सोसायटी, शाळा, ग्रामपंचायत, छोटं कार्यालय. या सगळ्या ठिकाणी राउटर बसवून देणारा एखादा हुशार मुलगा असतो. तो नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. म्हणून काम सोपवतानाच तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: प्रशासकाचा पासवर्ड, वाचता येईल असा सेटिंगचा मजकूर, आणि सध्याच्या फर्मवेअरची आवृत्ती तारखेसह. त्या सचिवाच्या किंवा मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात असाव्यात. प्रत्येक बदलानंतर नवी प्रत घालावी आणि जुनी लगेच फेकू नये, कारण बिघाड कधीकधी दोन आठवड्यांनी दिसतो आणि तेव्हा आधीची प्रत लागते. वर्षातून एकदा, सुटीच्या दिवशी, तोच मजकूर एखाद्या जादा राउटरवर भरून पाहावा आणि पाकिटातल्या कागदावर त्या दिवसाची तारीख लिहावी.